कचरेवाल्याच्या तीन हजार गाड्या

"अगं, त्या कचऱ्याच्या ट्रकवर लेमे लिहिलंय, आणि आमचा मुलगा परवा ज्या म्युझियमचं कौतुक सांगत होता तेही लेमेच. एकच की काय हे?"

मंगळवारची सकाळ. काकू कुंपणापलीकडे उलट्या बादलीवर उभ्या. इथं अमेरिकेत लाकडी कुंपणं सहा फुटी. माणसानं माणसाचं तोंड बघू नये अशा बेतानंच ती ठोकतात. काकू साताऱ्याहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी ही बादली शोधून काढली. शिवाय मधली एक फळी निखळलीय, तिच्यातून वाटी इकडची तिकडे जाते.

"एकच," मी म्हटलं. "म्युझियम कचरेवाल्याचंच."

"कचऱ्याचं म्युझियम?"

"गाड्यांचं हो. पण ज्यानं गाड्या जमवल्या तो माणूस कचऱ्याच्या धंद्यातला. हॅरोल्ड लेमे. इथलाच, आपल्या स्पॅनवेचा. जाऊन वीस वर्षांच्या वर झाली."

"किती गाड्या?"

"तीन हजारांच्या वर."

काकूंनी दोन्ही हातांनी कुंपण धरलं. "थांब, शेगडी बंद करून येते."

शेगडी बंद झाली, पदर खोचला गेला, बादलीवर पुन्हा चढणं झालं. मग मी सुरुवातीपासून सांगायला घेतलं.

ह्या हॅरोल्डचा जन्म १९१९ सालचा. चाळीसच्या दशकात, ऐन महायुद्धाच्या काळात त्यानं ह्या भागात कचरा उचलायचा धंदा सुरू केला. तेव्हा हे सगळं माळरान होतं, मधून मधून शेतवाड्या आणि शेजारी लष्कराचा मोठा तळ. पुढे घरं वाढली, माणसं वाढली. माणूस तिथं कचरा, त्याला काही मंदी येत नाही. वॉशिंग्टन राज्यात कचऱ्याच्या धंद्याला सरकारी परवाना लागतो. शहरांच्या बाहेर तर कुणी कुठला भाग उचलायचा आणि काय दर लावायचा, ह्यावर राज्याच्या आयोगाची नजर असते. म्हणजे एकदा भाग मिळाला की आठवड्याच्या आठवड्याला घरटी पैसे ठरलेले. दिसायला घाण, पण मिळकत स्वच्छ.

"आणि बायको?" काकूंचं लक्ष बरोबर जागेवर होतं.

"नॅन्सी. तीही ह्या नादात सामील होती म्हणतात."

"म्हणतात ते म्हणू दे. तीन हजार गाड्यांत कुठली बाई आपणहून सामील होते? सामील व्हावं लागतं." आणि मग त्यांनी स्वतःच्या यजमानांची हकिगत काढली. त्यांची एक प्रिया स्कूटर होती. साताऱ्यातच बनायची ती, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात, त्यामुळे गावाला तिचा माहेरच्या लेकीसारखा अभिमान. रोज सकाळी ती एका अंगावर झुकवायची, मग किक मारायची, मग पुन्हा झुकवायची. नवी गाडी आली तरी प्रिया परसात उभीच. वर ताडपत्री, ताडपत्रीवर विटा. "पंधरा वर्षं मी तिच्याभोवतीनं झाडलं. हे गेले, महिन्याचे दिवस झाले, आणि भंगारवाल्याला बोलावलं. एकच स्कूटर गं, पण गेल्यावर परसात सूर्य आला."

मला बरं वाटलं. जुन्या वस्तूंबद्दल बोलताना सगळ्यांचा आवाज उगीच ओला होतो, काकूंचा झाला नाही.

पण इथं गंमत अशी, की काकूंच्या परसातून ती प्रिया उचलून नेणारा भंगारवाला आणि तिला टाकवत नसलेले यजमान, ही दोन्ही माणसं हॅरोल्डमध्ये एकत्र होती. दिवसभर गावाचं टाकलेलं उचलायचं आणि संध्याकाळी त्यातलं चार चाकांचं काही दिसलं की ते टाकवत नाही. कचऱ्याचा धंदा करणाऱ्या माणसाला एक गोष्ट आपोआप मिळते. त्याला प्रत्येक घराचं मागचं दार माहीत असतं. कुणाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली काय उभं आहे, कोण म्हातारं झालंय, कुणाचं घर विकायला निघालंय, कुणाचा नवरा गेला आणि आता त्या बाईला गाडी नको झालीय.

"म्हणजे माझ्यासारखाच," काकू म्हणाल्या, "फक्त पगारी."

शिवाय ज्याच्याकडे कचऱ्याच्या ट्रकांचा ताफा, त्याच्याकडे मेकॅनिक आलेच, पाने-हत्यारं आली, बंद पडलेलं धूड ओढून आणायची सोय आली आणि उभं करायला जागाही आली. दुसऱ्या कुणाला जुनी गाडी घ्यायची म्हणजे ती आणायची कशी, ठेवायची कुठं, दुरुस्त कोण करणार, हा घोर. ह्याला घोर नव्हता, म्हणून लगामही नव्हता. एक कोठार भरलं की दुसरं, ते भरलं की तिसरं. आपल्या ह्या पिअर्स काउंटीत कुठं कुठं त्याच्या गाड्या उभ्या होत्या, शेडमध्ये, गोदामात, घराच्या आवारात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, पण ह्याला घोडं धाडायला व्याही लागत नव्हता. हा आपला आपणच जाऊन घेऊन यायचा.

१९९७ साली गिनीज बुकात नोंद झाली, एका खासगी माणसाच्या मालकीचा जगातला सगळ्यात मोठा वाहनसंग्रह. तेव्हा आकडा २,७०० होता. तरी थांबला नाही. २००० सालच्या नोव्हेंबरात गेला, तेव्हा तीन हजारांच्या वर होता.

"रांगेत लावल्या तर?" काकूंना आकडा डोळ्यांपुढे आणायचा होता.

एका गाडीला पाच मीटर धरले तर पंधरा किलोमीटर. स्पॅनवेपासून निघालेली रांग शेजारच्या टॅकोमा शहराच्या वेशीत शिरली असती. रोज एक गाडी चालू करून बघायची म्हटलं तर सगळ्यांचा एक फेरा व्हायला आठ वर्षांच्या वर लागली असती. आणि बारा हजार चाकं, त्यांत हवा कोण भरणार?

"नाकापेक्षा मोती जड," काकूंनी निकाल दिला.

मोतीही होते. टकर नावाची एक गाडी आहे, १९४८ सालची. प्रेस्टन टकर नावाच्या माणसानं मोठमोठ्या कंपन्यांच्या नाकावर टिच्चून काढली. नमुन्याची धरून एक्कावन्न गाड्या झाल्या आणि कंपनी बुडाली. त्या एक्कावन्नांतली एक हॅरोल्डकडे होती. इंजिन मागं, तेही मुळात हेलिकॉप्टरसाठी काढलेलं, आणि पुढं बरोबर मध्ये तिसरा दिवा. स्टिअरिंग वळवलं की तो दिवाही वळतो, म्हणजे वळणावर आधी उजेड पोचतो, मागून गाडी. टकरवर हॉलिवूडनं सिनेमाही काढला. असली गाडी एखाद्याकडे असली तर तो जन्मभर तिच्याच गोष्टी सांगत बसेल. हॅरोल्डकडे तिच्याशेजारी काय उभं असायचं? कुणाचीही साधी चार दारांची घरगुती गाडी, जी त्या काळी गल्लीगल्लीत होती. शिवाय बसगाड्या, आगीचे बंब, मालाचे ट्रक.

माझ्या मते ह्या माणसाची खरी करामत इथं आहे. मौल्यवान गाड्या जमवणारे पुष्कळ असतात. पैसा असला की ते जमतं, आणि त्यात गुंतवणुकीचा हिशोबही असतो. आपल्याकडे मुंबईचे प्राणलाल भोगीलाल होते, २०११ साली गेले. संस्थानिकांच्या रोल्स रॉइस, बेंटली, डेमलर त्यांनी अशा निगुतीनं राखल्या की बघत राहावं. अहमदाबादजवळ कठवाड्याला त्यांच्या दास्तान इस्टेटीत शंभराहून जास्त गाड्या मांडलेल्या आहेत. त्या गाड्या वाचल्या नसत्या तर आपलं नुकसानच झालं असतं, ह्यात वाद नाही. पण राजाची गाडी वाचवायला एखादा प्राणलालशेठ भेटतो. दुधाच्या गाडीला कोण भेटणार?

काकू कठवाड्याला जाऊन आल्या होत्या, अहमदाबादच्या सहलीत. "चकचकीत," त्या म्हणाल्या, "आपलं तोंड दिसतं. पण बसून बघावं असं काही वाटलं नाही. आमच्या भाऊजींचा ट्रक असता तर बसले असते."

त्यांच्या थोरल्या दिरांचा आधी फार्गो होता. हँडल मारून चालू करायचा. हँडल मारताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, गुंडाळायचा नाही, नाहीतर इंजिनानं उलटा झटका दिला की मनगट गेलं. हे काकूंनी मला कुंपणाच्या कडेवर हात ठेवून करून दाखवलं. मग साठच्या दशकात टाटा-मर्सिडीज आला, पुढं नाक असलेला. टाटांनी १९५४ साली जर्मनांशी करार करून जमशेदपूरला ते ट्रक काढायला सुरुवात केली होती. करार होता तोवर ट्रकच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असायची. दसऱ्याला त्या चांदणीला झेंडूची माळ. भाऊजी त्या ट्रकमधून कराडचा गूळ न्यायचे, येताना काय मिळेल ते आणायचे. मुलींच्या लग्नांची वऱ्हाडंही त्यातूनच गेली.

"आता कुठं आहे तो ट्रक?"

"कुठं असणार? राबला तोवर राबला. मग इंजिन एकाला, चाकं एकाला, साटा वखारीत. एक फोटोसुद्धा नाही, माणसं पुढं उभी राहायची आणि ट्रक झाकायचा."

मोटार आणि ट्रक यांच्यातला फरक हाच. मोटार रविवारी पुसतात, शेडमध्ये ठेवतात, म्हातारी झाली तरी एखादा नातू तिच्यावर जीव टाकतो. ट्रक मरेपर्यंत काम करतो आणि मेल्यावर सुट्या भागांत वाटला जातो. म्हणून जुन्या मोटारी सापडतात आणि त्याच काळातले ट्रक सहज सापडत नाहीत, मग ते लाखांनी बनलेले असोत. त्यात इथं १९४२ साली युद्धासाठी लोखंड गोळा करायची मोहीम निघाली. गावोगाव लोकांनी कोपऱ्यात पडलेली धुडं देशासाठी म्हणून भट्टीत दिली. नव्या खासगी मोटारी बनवणं तर त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बंदच झालं. जे चालत होतं ते आणखी ताणून चालवलं गेलं. आणि ह्याच दशकात हॅरोल्ड कचऱ्याच्या धंद्यात उतरला.

ह्या भागाला तर ट्रकची कुंडलीच आहे. डोंगरात देवदार आणि फरची झाडं एवढाली, की एक ओंडका म्हणजे एक खेप. आधी ते बैलांनी, मग आगगाडीनं ओढले, मग ट्रक आले. केनवर्थ ट्रक सिएटलचे, १९२३ पासूनचे. आणि ते लाल अंडाकृती पाटीचे पीटरबिल्ट, जे इथल्या हमरस्त्यावर पावलोपावली दिसतात, ते ज्या पीटरमनच्या नावानं आहेत तो टॅकोमाचाच लाकडाचा व्यापारी. ओंडके ओढायला मनासारखा ट्रक मिळेना, म्हणून पठ्ठ्यानं १९३९ साली कॅलिफोर्नियात बंद पडायला आलेला कारखानाच घेतला.

"हौसेला मोल नाही," काकू म्हणाल्या.

"ही हौस नव्हे, गरज."

"पुरुषांची हौस गरज म्हणूनच सुरू होते. आमच्याकडे प्रिया भाजी आणायला घेतली होती."

एवढ्यात ट्रक आलाच. इथं माणूस खाली उतरत नाही. ट्रकच्या कुशीतून एक लोखंडी हात बाहेर येतो, डबा कमरेला धरतो, वर नेऊन उलटा करतो, दोनदा झटकतो आणि परत जागेवर ठेवतो. काकूंनी मान वाकडी करून ते सगळं पाहिलं. त्यांचा डबा ठेवताना झाकण उघडंच राहिलं. "माणूस असता तर लावून गेला असता," असं म्हणून त्या बादलीवरून उतरल्या, झाकण लावून आल्या आणि पुन्हा चढल्या. ट्रकवर नाव लेमेच आहे, पण धंदा आता त्या घराण्याकडे नाही, दुसऱ्या मोठ्या कंपनीनं घेतला. नाव तेवढं ठेवलं, इकडच्या लोकांच्या तोंडात बसलेलं म्हणून.

"बरं, तो गेल्यावर काय झालं? मला ते सांग. तीन हजार गाड्या आणि एक बाई."

काकूंना ह्यातच रस, आणि मलाही. कारण जमवणारा जातो तेव्हा त्याचा नाद जातो, पण पसारा राहतो. गाडी काही पितळेचा हंडा नाही, की माळ्यावर टाकला आणि वीस वर्षांनी चिंच लावून घासला. उभ्या गाडीची नासाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर होते. टाकीतलं पेट्रोल जुनं झालं की त्याचा चिकट थर बसतो आणि कार्बुरेटरची बारीक भोकं बुजतात. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, नळ्या आतून गंजतात. रबरी सील सुकून चिरतात. एकाच जागी उभं राहून टायर खाली चपटे होतात. तिसाच्या दशकापर्यंतच्या कितीतरी गाड्यांना पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असायचा. वरून गाडी धडधाकट दिसते आणि दार उघडायला जावं तर बिजागरीसकट हातात येतं. आणि उंदीर. उंदरांना जुन्या गाडीच्या सीटमधला काथ्या फार आवडतो. आमच्याकडे त्यातल्या त्यात बरं, थंडीत रस्त्यावर पूर्वेकडच्यासारखं मिठाचं खारवण नसतं, त्यामुळे पत्रा खालून खात नाही. पण आठ महिने रिपरिप पाऊस, शेवाळ चढायला वेळ लागत नाही.

"म्हणजे तीन हजार म्हातारे सांभाळायचे," काकू म्हणाल्या. "आणि एकालाही हाक मारून बोलावता येत नाही."

नॅन्सीनं त्या सांभाळल्या. सगळ्या नाही, काही पुढं विकल्या गेल्या, ते होणारच होतं. म्युझियम करायचं तर हॅरोल्ड असतानाच ठरलं होतं, नव्वदच्या दशकाच्या शेवटी संस्थाही निघाली. टॅकोमा शहरानं नऊ एकर जागा दिली, मोठ्या घुमटाच्या क्रीडागृहाशेजारी. तिथं २ जून २०१२ ला ते उघडलं. तुम्ही हमरस्त्यावरून येताना बघितलं असेल, लांबून बेकरीतला लांबट पाव चकचकीत पत्र्यात गुंडाळून ठेवल्यासारखं दिसतं. आतून सगळं छत लाकडाच्या कमानींचं, दीड लाख चौरस फुटांच्या वर जागा, उतारानं खाली खाली जायचं आणि दोन्ही बाजूंना गाड्या. हॅरोल्ड जाऊन तोवर अकरा-बारा वर्षं झाली होती.

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "असता तर उद्घाटनाच्या दिवशीच आणखी चार ट्रक आत आणून उभे केले असते."

त्यांचं खरं आहे. तिथं दोनशे-तीनशेंच्या घरात गाड्या मांडतात, आणि मांडतात म्हणजे निवडतात. निवडलं की दर्शनी तेवढंच येतं. दिवे सोडलेले, दोरी बांधलेली, शेजारी छापील पाटी, मधूनमधून दुसऱ्यांनी दिलेल्या गाड्या, आणि एखाद्या कंपनीचं पुरस्कृत दालन. चांगलं आहे, पाहुणे आले की मीही आधी तिथंच नेते. पण तिथं गाड्या कळतात, हॅरोल्ड कळत नाही. तो कळायचा तर इथं स्पॅनवेतच मेरीमाउंटला जावं लागतं, दहा मिनिटांवर. पूर्वी तिथं मुलांची सैनिकी शाळा होती, कॅथलिक सिस्टर्स चालवायच्या. ती बंद पडली, आणि पुढं ते आवार लेमे नवराबायकोनं घेतलं. कशासाठी, ते सांगायला नको. त्या घराण्याचा संग्रह अजून तिथं आहे. म्हणजे एकाच नावाची दोन म्युझियमं, थोड्याच अंतरावर, दोन वेगळ्या संस्थांची. बाहेरगावचे लोक हमखास चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात.

"दोन का?" काकूंचे डोळे बारीक झाले. "भावकी?"

मी खांदे उडवले. पुढची दहा मिनिटं काकूंनी साताऱ्यातल्या तीन वाड्यांच्या वाटण्या सांगितल्या, त्यांत लेमे घराण्याचा काही संबंध नव्हता, पण ऐकायला मजा आली.

मेरीमाउंटला मी गेले होते तेव्हा पाऊस होता. शेडमध्ये शिरलं की आधी वास येतो, तेल, जुनं चामडं आणि ओल. गाड्या एकीला एक लागून, दार उघडायलाही जागा नाही, इतक्या. खाली पुठ्ठे आणि पत्र्याचे ट्रे, कारण म्हाताऱ्या गाड्या ठिबकतात. फिरवायला निवृत्त झालेले स्वयंसेवक असतात. आम्हाला मिळालेले आजोबा गॅलिस लावलेले, हातात विजेरी. फोर्डच्या मॉडेल टीपाशी ते थांबले. दीड कोटी बनलेल्या गाडीपाशी, टकरसाठी आलेले लोक चुळबुळ करत असताना, त्यांनी चांगली पंधरा मिनिटं घालवली. तिला पायात तीन पेडल असतात आणि त्यांतलं एकही ॲक्सिलरेटर नसतं. डावं पेडल पूर्ण दाबलं की गाडी हळूच्या गिअरमध्ये, सोडलं की वेगाच्या. मधलं दाबलं की मागं जाते. उजवं दाबलं की ब्रेक. आणि वेग वाढवायची दांडी स्टिअरिंगखाली, हातानं ओढायची. आजोबांनी विचारलं, ह्या सगळ्यात आजच्या ड्रायव्हरला बसवलं तर? आणि स्वतःच हसले. मग एका भल्यामोठ्या ट्रकच्या मडगार्डवर हात ठेवून म्हणाले, हा माझ्या वडिलांनी चालवलेल्यातला प्रकार. बस, एवढंच. पुढच्या गाडीकडे वळले.

मला ते भोवतालचं तुंबलेपण आवडलं. कुठली गाडी महत्त्वाची, कुठली बिनमहत्त्वाची, हे कुणी ठरवून दिलेलं नाही. पाववाल्याची गाडी लिमोझिनला घासून उभी. अति तिथं माती म्हणतात ते खरं, पण हा माणूस अति करायच्या ऐवजी बेतानं वागला असता, तर त्यानंही टकर ठेवली असती आणि ट्रक सोडून दिला असता. शहाणे लोक तसंच करतात. त्या शहाणपणामुळे भाऊजींच्या टाटा-मर्सिडीजचा फोटोसुद्धा नाही.

"मला लावतेयस का हे? प्रियावरून?"

"नाही हो काकू."

"लावलंस तरी मी काही वाईट वाटून घेणार नाही. ती स्कूटर ठेवली असती तर झाडलं मीच असतं. तुझ्या त्या हॅरोल्डकडे झाडायला माणसं होती."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि काकूंनी वाटही पाहिली नाही. नॅन्सीबद्दल त्यांना आणखी विचारायचं होतं. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी हे लोक आपलं आवार गावासाठी उघडं टाकायचे, स्वतःच्या घरचं आणि मेरीमाउंटचंही. हॅरोल्ड असल्यापासूनची ही चाल, तो गेल्यावरही बाईनं मोडली नाही. म्युझियमचं बांधकाम रखडलं त्या सगळ्या वर्षांत लोकांना हा संग्रह पाहायला मिळाला तो तिच्यामुळे. हजारो माणसं यायची, जुन्या गाड्यांचे मालक आपापल्या गाड्या घेऊन यायचे, बंब आणि बसगाड्या बाहेर काढून फिरवायचे. त्या दिवशी आपल्या रस्त्यावरून असले असले आवाज जातात की घरातली भांडी थरथरतात.

"वर्षातून एकदा सगळ्या गावाला घरात घ्यायचं," काकू म्हणाल्या. हे त्यांना पटलं. साताऱ्याला त्यांच्या वाड्यात गौरीचं हळदीकुंकू असंच असतं, ओळखीचं बिनओळखीचं सगळं गाव येऊन जातं, आणि आदल्या दिवसापासून माजघर आवरायचं ते घरच्या बाईनंच. "मग तीच खरी. त्यानं काय, आणून उभं केलं. दाखवलं तिनं. गाड्या पुसल्या कुणी असतील त्या दिवसासाठी?"

मग त्यांनी बोटांवर हिशोब केला. ऑगस्टचा शेवटचा शनिवार. त्यांचं परतीचं तिकीट त्याच्या आधीच्या गुरुवारचं.

"पुढं ढकलता येतं ना गं तिकीट?"

"पैसे पडतात."

"मुलगा भरेल. गुडघ्याचं सांगते, डॉक्टरनं थांबायला सांगितलंय म्हणते. सुनेला तू काही बोलू नकोस. आणि ऐक, तिथं ट्रकमध्ये बसू देतात का? म्हाताऱ्या बाईनं विनंती केली तर?"

"विचारून बघू. त्या आजोबांना विचारू."

"मी विचारते. मला येतं तेवढं इंग्रजी. आणि खायला काय मिळतं तिथं?"

"हॉटडॉग."

"मग धपाटे करून घेते, दही घट्ट बांधून. तुम्ही किती जण?" असं विचारत काकू बादलीवरून उतरल्या, आणि फळीच्या फटीतून रिकामी वाटी अलीकडे आली. "मेथी तुझ्याकडची दे. आमच्या दुकानातली गवतासारखी लागते."